नदीकांठची वाट : माहुलीपासून हरिपुरापर्यंत

नदीच्या कांठास संस्कृत भाषेनें एकच नांव दिलेलें नाहीं. अमरकोशांत कूल, रोध, तीर, तट असे शब्द येतात, आणि ते पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यास ते सारे एकाच अर्थाचे वाटतात. वस्तुतः त्यांत भेद आहे. ‘रोध’ हा शब्द रुध् धातूपासून झाला. पाण्यास जो अडवितो तो रोध. ‘तीर्थ’ हा शब्द तॄ धातूपासून झाला, आणि ‘तीर’ शब्दाचें नातेंही त्याच धातूशीं जोडण्यांत येतें. तीर्थ म्हणजे मूळ अर्थीं नदी उतरून जाण्याची जागा, पाण्यापर्यंत नेणारी पायरी; पावित्र्याचा अर्थ त्यास मागाहून आला. एकाच कांठाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टि आहेत. एक पाण्यास आपल्यापासून दूर ठेवूं पाहते, दुसरी आपणांस पाण्यापाशीं घेऊन जाते.

हा शब्दविचार येथें करण्याचें कारण असें कीं, हल्लीं आपल्या देशांत व परदेशांत ठिकठिकाणीं नदीकांठीं पायीं फिरण्यासाठीं व सायकल चालविण्यासाठीं स्वतंत्र रस्ते बांधण्याची हौस उत्पन्न झाली आहे. ही हौस चांगलीच आहे. ज्या काळांत जिन्याच्या दहा पायऱ्या चढण्याचाही लोकांस कंटाळा येतो, त्या काळांत कोणी चालावयास निघाला तर त्यास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु असा रस्ता रोधाच्या बुद्धीनें बांधावयाचा कीं तीर्थाच्या, हें आधीं ठरविलें पाहिजे. आमच्या मतें या प्रश्नाचें उत्तर कृष्णाकांठच्या सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत पूर्वजांनीं दगडांत घडवून ठेविलें आहे. गेल्या हिंवाळ्यांत आम्हीं माहुली, कऱ्हाड, सांगली व हरिपूर हीं ठिकाणें याच दृष्टीनें, कोठें पायीं तर कोठें सायकलवरून हिंडून पाहिलीं. जें पाहिलें व जें मनांत आलें तें वाचकांपुढें ठेवितों.

सातारा शहर नदीवर वसलेलें नाहीं. तें अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं, डोंगराच्या उतारावर आहे. सातारकरांस कृष्णा पाहावयाची तर पूर्वेस चार-पांच किलोमीटर खालीं उतरून माहुलीस जावें लागतें. जातांना सायकल उताराच्या जोरावर आपण होऊन धांवते. परततांना मात्र तिच्या स्वाराची परीक्षा होते, आणि साठी उलटलेल्या स्वारानें मधून मधून खालीं उतरून चालण्यांत कमीपणा मानूं नये.

माहुलीस कृष्णेला वेण्णा मिळते. दोघीही महाबळेश्वराच्याच लेकी. माहेर सोडल्यावर वेगवेगळ्या खोऱ्यांतून येऊन येथें पुन्हां एकत्र होतात. पश्चिमेच्या अंगास संगम माहुली व पलीकडे क्षेत्र माहुली अशीं दोन गांवें आहेत. संगमावरील विश्वेश्वराचें देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनीं अठराव्या शतकांत बांधविलें. निःस्पृह न्यायाधीश म्हणून ज्यांचें नांव घरोघरीं घेतलें जातें ते रामशास्त्री प्रभुणे माहुलीचेच. छत्रपति शाहू महाराज १७४९ सालीं निवर्तले, तेव्हां त्यांच्यावर अग्निसंस्कार याच संगमावर झाला. पुराच्या पाण्यानें व गाळानें येथल्या कित्येक समाध्या झांकल्या-उघडल्या; परंतु घाटाच्या मुख्य पायऱ्या आपल्या जागीं आहेत.

या पायऱ्यांचा विचार नीट केला पाहिजे. कृष्णेसारख्या नदीचें पाणी वैशाखांत घोट्याइतकें असेल, तर श्रावणांत तेंच माथ्यावरून वाहतें. अशा नदीच्या कांठीं एकाच उंचीवर केलेला रस्ता वर्षांतील बहुतेक दिवस पाण्यापासून फार वर राहील किंवा कांहीं दिवस पाण्याच्या फार खालीं जाईल. घाटाचें तसें नाहीं. पाणी कितीही चढो वा उतरो, कोणती तरी एक पायरी पाण्याशीं लागलेली असतेच. शिवाय दगड काळा व जड. त्यास कुजणें नाहीं, गंजणें नाहीं. पूर आला कीं घाट निमूटपणें बुडतो, आणि ओसरला कीं चार माणसांनीं गाळ धुवून काढल्यावर पूर्ववत् उभा राहतो. पाण्यास विरोध न करतां पाण्यापुढें टिकावें कसें, हें ज्या गवंड्यांनीं जाणलें त्यांचीं नांवें कोणत्याही शिलालेखावर नाहींत, पण त्यांचें काम बोलतें.

माहुलीहून नदीबरोबर खालीं आलें कीं कऱ्हाड लागतें. तेथें कृष्णा व कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एकत्र होऊन पूर्वेकडे वळतात. म्हणून त्यास प्रीतिसंगम म्हणतात. या संगमावर यशवंतराव चव्हाण यांची समाधि आहे. त्यांचें देहावसान १९८४ सालीं झालें. सायंकाळीं तेथें गेलें असतां दिसतें कीं, कऱ्हाडकरांस फिरावयास जा म्हणून सांगावें लागत नाहीं. आजोबा बांकावर, नातवंडें वाळूंत, सुना मैत्रिणींबरोबर झपझप पावलें टाकीत, असें अख्खें घर नदीवर आलेलें दिसतें. यासाठीं कोणी मोठा खर्च केला म्हणून नव्हे, तर नदीपर्यंत जाण्याची वाट कोणी अडविली नाहीं म्हणून हें घडतें. चांगल्या नदीकांठाची पहिली कसोटी हीच होय.

आतां सांगलीकडे वळूं. सातारकर नदीकडे जातात. सांगलीकरांकडे नदी आपण होऊन येते. पुष्कळदां ती उंबरठ्याबाहेर थांबते, कधीं कधीं आंतही येते. शहर नदीस लागूनच आहे. सरकारी घाट, विष्णु घाट, स्वामी समर्थ घाट, माई घाट हीं नांवें सांगलीच्या पोरासोरांच्या तोंडीं आहेत. पटवर्धन संस्थानिकांचा गणपति पांचव्या दिवशीं वाजतगाजत सरकारी घाटावर येतो, आणि त्या दिवशीं कांठ माणसांनीं फुलून जातो. नदीपलीकडे सांगलीवाडी, आणि दोन कांठांना सांधणारा आयर्विन पूल. हा पूल १९२९ सालीं वाहतुकीस खुला झाला व त्या वेळच्या व्हाइसरॉयांचें नांव त्यास मिळालें.

आयर्विन पुलावर पाण्याची उंची मोजण्याच्या खुणा आहेत. पाणी ४० फुटांवर गेलें कीं इशारा, आणि ४५ फुटांवर गेलें कीं धोका, हें सांगलींतील शाळकरी मुलासही ठाऊक असतें. २००५ सालीं पाणी ५३ फुटांच्या वर गेलें. २०१९ च्या ऑगस्टांत तें साडेसत्तावन्न फुटांपर्यंत चढलें. निम्मी बाजारपेठ पाण्याखालीं गेली, आणि वरच्या अंगास ब्रह्मनाळ येथें ८ ऑगस्ट रोजीं माणसांस सोडवून आणणारी होडीच उलटून अनेकांस, त्यांत बायकामुलांस, जलसमाधि मिळाली. दोनच वर्षांनीं, २०२१ सालीं, पाणी पुन्हां ५५ फुटांच्या आसपास पोंचलें. ज्या शहरानें सोळा वर्षांत असे तीन पूर सोसले, त्यास नदीकांठच्या रस्त्याविषयीं सौंदर्याच्या गोष्टी सांगून भागणार नाहीं. त्याचा पहिला प्रश्न हाच असणार कीं, या रस्त्यानें आमच्या घरांत पाणी एक वीत जास्त येईल कीं कमी?

हा प्रश्न रास्त आहे. नदी पुरांत पसरते ती जागा तिचीच असते. तिच्या पात्रालगत भराव टाकून उंच बांध घातला आणि त्यावर रस्ता केला, तर जें पाणी कांठावर पसरलें असतें त्यास जागा उरत नाहीं. तें वर चढतें, नाहींतर समोरच्या कांठावर जातें. सांगलीची भिंत सांगलीवाडीच्या अंगणांत पाणी ढकलील. या कारणास्तव आपल्या राज्यांत नदीकांठीं दोन रेषा आंखण्याची पद्धत आहे. पंचवीस वर्षांत एकदां येण्याचा संभव असलेला पूर जेथपर्यंत पोंचतो ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांत एकदां येणारा जेथपर्यंत पोंचतो ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आंत घरें बांधावयाचीं नाहींत. बागा, खेळांचीं मैदानें, पिकें असे मोकळे उपयोग मात्र करतां येतात. म्हणजे पायवाट ही त्या पट्ट्याची शत्रु नव्हे, उलट ती त्या पट्ट्याची राखण करूं शकते. जेथें रोज सकाळीं पांचशें माणसें चालतात, तेथें रातोरात भराव टाकून दुकानाचा गाळा उभा करणें सोपें जात नाहीं. रिकामी जागा गिळली जाते. वहिवाटीची जागा टिकते.

सांगलीस अशी एक वहिवाटीची वाट पूर्वीपासून आहे, ती म्हणजे हरिपूरचा रस्ता. शहरांतून निघून नदीच्या अनुरोधानें कोसभर गेलें कीं हरिपूर येतें. वाटेंत बागेतील गणपतीचें देऊळ लागतें. रस्ता सपाट, म्हाताऱ्याच्या गुडघ्यांस व शिकाऊ सायकलस्वारास सारखाच मानवणारा. या भागाचें व सायकलीचें नातेंही जुनें आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें, तेव्हां पायगाडीवर बसलेला मनुष्य पाहण्यास लोक जमत. त्याच लक्ष्मणरावांनीं १९१० सालीं औंध संस्थानांत जो कारखाना वसविला, ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यांत आहे. पुढें सांगली-मिरजेच्या सपाटीवर सायकल हेंच विद्यार्थ्याचें, मास्तराचें व कारकुनाचें वाहन झालें. आतां पुष्कळ घरांत ती जिन्याखालीं धूळ खात पडली आहे. तिला बाहेर काढण्यास हरिपूरच्या वाटेसारखें दुसरें निमित्त नाहीं.

हरिपूर हें नाट्यरसिकांचें तीर्थ. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलींत ‘सीतास्वयंवरा’चा प्रयोग केला आणि मराठी रंगभूमीचा पाया घातला, गोविंद बल्लाळ देवलांचा जन्म १८५५ सालीं या हरिपुरांत झाला. म्हाताऱ्या वराच्या गळ्यांत बांधली जाणारी कोंवळी मुलगी त्यांनीं ‘शारदा’ नाटकांत १८९९ सालीं रंगभूमीवर आणिली, आणि महाराष्ट्रांतील शेंकडों घरांत वडील मंडळींस आपल्या मुलींच्या वयाचा विचार करावयास लाविलें. या नाटकाचें लेखन नदीकांठच्या पारावर बसून झालें असें हरिपूरकर अभिमानानें सांगतात. तसें असो वा नसो, कृष्णेचा कांठ ही देवलांच्या बाळपणाची जागा खरीच.

हरिपुरास आणखी एक पाहण्यासारखी गोष्ट आहे. ती मात्र जमिनीखालीं आहे. येथल्या मातींत हळदीचीं पेवें असतात. तोंड अरुंद व पोट मोठें असा खोल खड्डा खणून त्यांत हळद भरतात व तोंड बंद करितात. आंत वारा नाहीं, कीड नाहीं, हळद वर्षानुवर्षें जशीच्या तशी राहते. सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्या लौकिकांत या पेवांचा वांटा आहे. परंतु २००५ च्या पुरानें यांतील पुष्कळ पेवांत पाणी शिरलें व मोठें नुकसान झालें. ज्या मातीनें पिढ्यान्पिढ्या हळद राखली, तिच्यावरही पाणी आलें. कृष्णेची माती देते, आणि कृष्णेचेंच पाणी नेतें. कांठावर राहणाऱ्यानें हे दोन्ही जमाखर्च एकाच वहींत मांडले पाहिजेत.

रस्त्याच्या शेवटीं संगमेश्वराचें देऊळ आणि वारणेचा संगम. श्रावणांतल्या सोमवारीं येथें मोठी गर्दी होते. आम्ही पोंचलों तेव्हां मात्र कोणी नव्हतें. एक मुलगा गळ टाकून बसला होता, आणि दोन बाया धुण्याचा पिळा हातांत घेऊन बोलत उभ्या होत्या. पायऱ्यांवर मागील पुरानें सोडलेल्या गाळाची एक फिकट रेघ आमच्या डोक्याहून कितीतरी उंच दिसत होती. त्या रेघेखालीं उभें राहून वर पाहिलें, म्हणजे पूर या दोन अक्षरांचा अर्थ वर्तमानपत्रांतील छायाचित्रांहून अधिक स्पष्ट होतो.

या वाटेची दुसरी बाजू सांगितल्यावांचून लेख पुरा होणार नाहीं. सांगलीच्या घाटांच्या आसपासच शेरीनाला शहराचें सांडपाणी घेऊन कृष्णेस मिळतो. हें पाणी उचलून धुळगांवाकडे नेऊन शुद्ध करावें व शेतीस द्यावें अशी योजना झाली. परंतु नाल्याची तक्रार मिटली असें म्हणवत नाहीं. २०२३ च्या मार्चांत कृष्णेंत मेलेल्या माशांचा खच तरंगतांना लोकांनीं पाहिला. ज्या पाण्याचा वास येतो त्याच्या कांठीं कितीही सुबक फरशी घातली तरी फिरावयास कोण जाईल? आणि आपणही निर्दोष नाहीं. निर्माल्य, देवांच्या जुन्या तसबिरी, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट विसर्जिलेला नैवेद्य, हें सारें सुशिक्षित घरांतूनच येतें. नदीस माता म्हणावयाचें आणि घरांतील नको तें तिच्या पदरांत टाकावयाचें, ही मातृभक्ति कोणत्या शास्त्रांत सांगितली आहे?

दुसऱ्या शहरांनीं काय केलें तेंही पाहावें. अहमदाबादेस साबरमतीच्या दोन्ही कांठांस भिंती बांधून त्यांवर लांबलचक फिरण्याचे रस्ते केले; ते २०१२ पासून लोकांस खुले झाले. तेथें सायंकाळीं हजारों लोक हिंडतात, आणि त्यांचा आनंद खोटा नाहीं. परंतु पात्र आंखून दिल्यासारखें एकसारख्या रुंदीचें झालें, व त्यांतील पाणी कालव्यानें आणलेलें नर्मदेचें आहे. हा रोधाचा नमुना. उलट, दक्षिण कोरियाच्या सोल शहरांत रस्त्याखालीं गाडलेला चंगेचॉन नांवाचा ओढा वरचा उंच मोटाररस्ता पाडून २००५ सालीं उघडा करण्यांत आला. त्याच्या दोन्ही अंगांस पाण्याजवळून चालावयाची वाट आहे, आणि जोराचा पाऊस आला कीं ती वाट लोकांसाठीं बंद होते. पॅरिसमध्यें सेन नदीच्या उजव्या कांठावरील मोटारींचा रस्ता २०१६ पासून मोटारींस बंद करून चालणाऱ्यांस व सायकलस्वारांस दिला. सेनला पूर येतो तेव्हां तो रस्ता बुडतो, आणि मग धुवून पुन्हां वापरतात. तेथें आल्मा पुलापाशीं एका शिपायाचा दगडी पुतळा आहे. पाणी त्याच्या घोट्यास लागलें कीं गुडघ्यास, यावरून पॅरिसचे लोक पूर मोजतात. १९१० च्या महापुरांत तें त्याच्या खांद्यापर्यंत पोंचलें होतें. आयर्विन पुलावरील आंकडे वाचणाऱ्या सांगलीकरास हा शिपाई परका वाटणार नाहीं.

या सर्वांवरून आमचें मत बनलें तें थोडक्यांत असें. कृष्णाकांठीं वाट अवश्य व्हावी, परंतु ती बुडावयास तयार असलेली वाट असावी. पात्रांत भराव घालूं नये. असलेल्या जमिनीच्या उंचीनेंच ती वळत जावी. सिमेंटच्या सलग पाट्याऐवजीं दगड किंवा दाबलेली मुरमाची माती असावी, म्हणजे पाणी मुरेल व पूर ओसरल्यावर थोड्या खर्चांत दुरुस्ती होईल. दोन्ही बाजूंस करंज, उंबर, जांभूळ अशीं कांठाचीं झाडें लावावीं. त्यांचीं मुळें माती धरून ठेवतात, आणि वाळूचा बेसुमार उपसा झाल्यानें जेथें कांठ ढांसळत आहेत तेथें त्यांची अधिकच गरज आहे. सायकलींची व पायीं चालणाऱ्यांची वाट निराळी असावी, आणि मोटारसायकलीस तिच्यावर पाय ठेवूं देऊं नये. पुराच्या दिवसांत बुडणार नाहीं अशा उंचीवर दिवे असावेत, कारण ज्या वाटेवर अंधार पडल्यावर घरांतल्या मुलीबाळींस एकट्यानें जातां येत नाहीं ती वाट अर्ध्याच गांवाची होय. जुने घाट मोडूं नयेत, त्यांवर फरश्या चिकटवूं नयेत. आणि सर्वांत आधीं सांडपाणी थांबवावें. वाट मागाहून केली तरी चालेल.

आतां वाचकांस दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. हरिपूरची फेरी करावयास कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. पहांटे निघावें, धुकें पाण्यावर असतांना घाट पाहावे, आणि ऊन चढण्यापूर्वीं संगमावर पोंचावें. बरोबर दशम्या व चटणी असावी, पाणी घरचें असावें, आणि शिदोरीचा कागद घरीं परत आणावा. पाण्यांत उतरण्याचा मोह मात्र आवरावा. सांगली जिल्ह्यांतील कृष्णेंत मगरी आहेत, हें कांहीं मुलांना भिवविण्यासाठीं रचलेलें बोलणें नव्हे. ज्यांस चालवत नाहीं अशा वडील मंडळींस रिक्षेनें संगमावर न्यावें व तरुणांनीं सायकलीवरून यावें. एकत्र कुटुंबास यापेक्षां स्वस्त सहल सांपडणार नाहीं.

जातां जातां आयर्विन पुलापाशीं थांबून मुलांस पाण्याच्या खुणा अवश्य दाखवाव्या. चाळीस कोठें, पंचेचाळीस कोठें, आणि २०१९ चें पाणी कोठें, हें त्यांच्याकडूनच वाचवून घ्यावें. आपण आपल्या घरांतील मुलांस पंचांग पाहावयास शिकवितों, घड्याळ वाचावयास शिकवितों. कृष्णाकांठीं राहणाऱ्या मुलास नदी वाचतां आली पाहिजे, आणि तें शिक्षण रोज तिच्या कांठानें चालल्यावांचून मिळत नाहीं.